अभिप्राय, रकाना सातवा

मे महिना, पारा पंचेचाळीसवर.
पाचपावलीच्या शाळेतल्या सभागृहात
आम्ही एकशे बारा शिक्षक, पाच दिवस.
सकाळी साडेनऊला सही, दुपारी साडेचारला सही,
मधल्या वेळेचं नाव क्षमता संवर्धन.

माझी नोकरी सव्वीस वर्षांची.
क्षमता किती वेळा वाढली, मोजलं नाही.
घरी पिशव्या आहेत, दर प्रशिक्षणाची एक.
एकीत कांदे, एकीत नवऱ्याची औषधं,
एकीवर अजून वाचता येतं : आनंददायी.

सुलभक वैरागडे सर, एकोणतिशीचे असतील,
गळ्यात ओळखपत्र, डोळ्यांत झोप,
रात्रभर स्लाइडा केल्या असतील बिचाऱ्यानं.
पहिल्या दिवशी त्यांनी आम्हाला झाडं व्हायला लावलं.
शेजारच्या शहनाज बाई, उर्दू शाळेच्या,
गुडघे सांभाळत ताड झाल्या.
म्हणाल्या, "इससे ज्यादा नही झुकती मैं."
दुसऱ्या दिवशी गटांना नद्यांची नावं.
आमच्या वाट्याला नाग नदी आली
आणि अख्ख्या हॉलनं नाक धरलं.

तिसऱ्या दिवशी
'मूल स्वतः ज्ञानाची रचना करते' ही स्लाइड पडद्यावर असताना
मोठा कूलर थांबला.
पंखा फिरेना, नुसता हुं हुं करत राहिला.

अर्ध्या तासानं केवलराम मिस्त्री आला,
मागे मिसरूड फुटू पाहणारं एक पोट्टं.
कूलर माझ्या खिडकीत, म्हणून मला दिसलं.
बाकीचे रचनेकडे पाहत होते.

मिस्त्रीनं पाना पोट्ट्याच्या हाती दिला
आणि आपले दोन्ही हात पाठीमागे नेऊन
एकात एक धरले, घट्ट,
पळून जाणाऱ्याचे धरावेत तसे.
स्विच बंद केला का, तेवढं मात्र दोनदा विचारलं.
"बोल, काय झालं याले?"
मोटर जळली, पोट्टं म्हणालं.
"वास आला का?"
नाही.
"मंग?"
पोट्ट्यानं पातं बोटानं फिरवून पाहिलं. फिरलं.
"मंग?"
एकदा त्यानं भलतीच वायर सोडली.
मिस्त्रीचा खांदा हलला, हात नाही.
खरं सांगते, माझेच हात पुढं जात होते,
आणि मला कूलरमधलं ओ की ठो कळत नाही.

शेवटी पिशवीतून कंडेन्सर काढून पोट्टं म्हणालं,
"हा बदलून पाहू का?"
"पाहा. मले काय इचारतं."

हवा आली. हॉलनं टाळ्या वाजवल्या.
वैरागडे सरांना वाटलं, स्लाइडला.

पाणी द्यायच्या निमित्तानं मी बाहेर गेले.
तुम्हाला आधीच कळलं होतं ना?
"दारातूनच. आवाज आईकला ना."
मग सांगितलं का नाही?
मिस्त्री लाजला. शर्टाला हात पुसत म्हणाला,
"बहुत जड जाते, बाई. हात खाजवते."

पाचव्या दिवशी अभिप्रायाचा फॉर्म.
सहा रकान्यांत अतिउत्तमवर खूण केली,
भोजनाच्या सुद्धा.
सातवा, इतर सूचना :
कूलरवाल्याला पुन्हा बोलवावे.
वैरागडे सरांनी तो वाचून खाली लिहिलं,
तक्रार मुख्याध्यापकांकडे पाठवली.

आता शाळा उघडली.
बावन्नातून सत्तावीस वजा करताना
सावनी हातचा घ्यायला विसरते,
खोडते, पेन्सिल चावते, माझ्याकडे पाहते.
मी म्हणते, "मंग?"
आणि पाठीमागे, पदराखाली,
उजवा हात डाव्यानं धरून ठेवते.

रोज जमतं असं नाही.
काल सुटला.
तिच्या वहीत, माझ्या वळणदार अक्षरात,
पंचवीस.